मांसाच्या पाककृतीत मांसाचाही तपशील द्यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कोकराच्या मांसाच्या घरगुती, भरपेट पदार्थांवर पानभर मजकूर प्रसिद्ध झाला. हा विषय निवडला हे चांगलेच झाले, कारण हे मांस घरी कसे शिजवावे याची सांगोपांग माहिती वर्तमानपत्रांतून क्वचितच वाचायला मिळते. मात्र त्या पानावरील पाककृती ओळीओळीने पुन्हा वाचल्यावर एक गोष्ट खटकली. मसाल्यांची मापे पाव चमच्यापर्यंत काटेकोर आहेत, कांदा उभा चिरावा की बारीक हेही सांगितले आहे, सजावटीसाठी दोन ओळी खर्च झाल्या आहेत. परंतु ज्याच्यावर सगळा पदार्थ उभा आहे त्या मांसाबद्दल प्रत्येक ठिकाणी एकच नोंद आहे, 'कोकराचे मांस, एक किलो'. ते कोणत्या भागाचे, हाडासह की हाडाविना, किती वयाच्या जनावराचे, तुकडे केवढे, आच किती आणि वेळ किती, यांपैकी काहीही दिलेले नाही. शिजवण्याची सूचना 'मऊ होईपर्यंत शिजवावे' या तीन शब्दांवर संपते. ही उणीव एकट्या आपल्या पुरवणीची नाही, पाककृती लिहिण्याची ती रूढ पद्धतच होऊन बसली आहे, आणि म्हणूनच हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

सर्वप्रथम भागाविषयी. एकाच कोकराच्या अंगावरचे मांस एकसारखे नसते. जनावर जे स्नायू दिवसभर वापरते, म्हणजे मान, खांदा आणि पायांच्या नळीवरचे मांस, त्यांत स्नायूतंतूंना बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे जाळे दाट असते. पाठीच्या कण्यालगतचे आणि बरगड्यांवरचे मांस, ज्याच्या चापा निघतात, त्यावर फारसा ताण पडत नसल्यामुळे तिथे हे जाळे विरळ असते. मागची मांडी या दोहोंच्या मधली म्हणता येईल. या एका फरकातून पुढचे सगळे निघते. चापांना प्रखर आच आणि थोडी मिनिटे पुरतात. अडीच सेंटीमीटर जाडीची चाप कडकडीत तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूने तीन-चार मिनिटे भाजली की खाण्याजोगी होते, आणि तीच चाप रश्श्यात दोन तास उकळली तर लाकडाच्या भुशासारखी कोरडी पडते. याउलट खांद्याचे तुकडे तव्यावर झटपट भाजून वाढले तर ते चावता चावत नाहीत, पण मंद आचेवर दीड-दोन तास ठेवले तर चमच्याने तुटतात. पाककृतीत भागाचा उल्लेख नसेल आणि वाचकाने दुकानातून उत्तमातले उत्तम, म्हणजे बहुधा सर्वांत महाग, मांस आणून रश्श्यात घातले, तर पैसे अधिक जातात आणि पदार्थ अधिक वाईट होतो. भरपेट, घट्ट रश्श्याच्या पदार्थांसाठी मान, खांदा आणि नळी हेच भाग योग्य आहेत, हे एक वाक्य त्या पानावर असायला हवे होते.

हा प्रकार नेमका कसा घडतो हे थोडक्यात सांगितले तर वाचकाला 'मऊ होईपर्यंत' या शब्दांचा अर्थ लागेल. कच्च्या मांसाच्या स्नायूत साधारण तीन-चतुर्थांश पाणी असते. तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की तंतूंमधील प्रथिने घट्ट होऊ लागतात, आणि ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान तंतूंभोवतीचे कोलॅजेनचे वेष्टन आकसून आतला रस पिळून बाहेर काढते. तुकडे या वेळी लहान, घट्ट आणि रबरासारखे होतात. तापमान ७० अंशांच्या पुढे जाऊन तिथे बराच काळ टिकले, की तेच कोलॅजेन ओलाव्यात हळूहळू विरघळून जिलेटिन बनते. ८० अंशांच्या वर हे अधिक वेगाने होते. तंतू एकमेकांपासून सुटतात, जिलेटिनचा लुसलुशीत लेप त्यांच्याभोवती बसतो, आणि प्रत्यक्षात बरेचसे पाणी निघून गेलेले असूनही घास रसाळ लागतो. रश्श्याला जो दाटपणा येतो, ओठांना जो किंचित चिकटपणा जाणवतो, तो याच जिलेटिनचा असतो. तो पिठाने किंवा वाटणाने आणता येत नाही.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते, ती घरोघरच्या स्वयंपाकात फार महत्त्वाची आहे, आणि पाककृतींतून ती हटकून वगळलेली असते. मंद शिजणारे मांस मऊ होण्याआधी कडक होते. पाऊण तासाने झाकण उघडून तुकडा दाबून पाहणाऱ्याला तो सुरुवातीपेक्षा घट्ट लागतो, आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. कोणी मांस वाईट निघाले असे समजून विक्रेत्याला दोष देतो, कोणी आता जास्तच शिजले असे समजून गॅस बंद करतो, आणि बरेच जण आच वाढवतात. शेवटचा उपाय सर्वांत निरुपयोगी आहे, कारण उघड्या भांड्यातले पाणी कितीही खदखदले तरी समुद्रसपाटीला १०० अंशांच्या वर जात नाही. मोठ्या आचेने फक्त पाणी आटते, तुकडे एकमेकांवर आपटून कडेने झडतात आणि रस्सा गढूळ होतो. पृष्ठभागावर अधूनमधून एखादा बुडबुडा फुटावा एवढीच आच हवी. झाकण घट्ट बसणारे, जाड बुडाचे पातेले ओव्हनमध्ये १५० ते १६० अंशांवर ठेवणे हा त्याहून सोपा मार्ग आहे, कारण तिथे उष्णता चहूबाजूंनी सारखी लागते, बुडाला लागण्याची भीती कमी होते आणि सारखे ढवळत उभे राहावे लागत नाही. वेळेचा अंदाज द्यायचाच तर खांद्याच्या चार सेंटीमीटरच्या तुकड्यांना दीड ते दोन तास, मानेच्या जाड चकत्यांना दोन ते अडीच तास, अख्ख्या नळ्यांना अडीच ते तीन तास आणि सुमारे दोन किलोच्या हाडासह अख्ख्या खांद्याला झाकून साडेतीन ते चार तास, असा देता येईल. हे आकडे शिलालेख नव्हेत. काट्याच्या टोकाने तुकडा सहज सुटला की मांस झाले, आणि ही खूणही छापायला एकच ओळ लागते.

प्रेशर कुकरच्या बाबतीत आपल्या पानावर वेळेऐवजी शिट्ट्यांचे आकडे दिले आहेत. शिट्टी हे वेळेचे माप नव्हे. आच किती मोठी, कुकर केवढा, आत पाणी किती आणि झडप किती जुनी यावर शिट्ट्यांमधले अंतर ठरते, त्यामुळे एकाच घरातल्या दोन कुकरांच्या चार शिट्ट्याही सारख्या नसतात. वातावरणाच्या दाबाहून सुमारे एक पट अधिक दाब असताना आतले पाणी १२० अंशांच्या जवळपास उकळते, आणि त्यामुळे कोलॅजेन विरघळण्याचा वेळ साधारण एक-तृतीयांशावर येतो. पूर्ण दाब आल्यानंतर आच कमी करून खांद्याच्या तुकड्यांना पंचवीस ते तीस मिनिटे आणि नळ्यांना चाळीस ते पन्नास मिनिटे, असे मिनिटांत सांगितले तर ते कोणत्याही कुकरला लागू पडेल. शिवाय दाब आपोआप उतरू द्यावा हे आवर्जून सांगायला हवे. घाईने वाफ सोडली की आतला अतितप्त रस एकदम उसळून उकळतो आणि मांसातला ओलावाही त्याबरोबर निघून जातो. कुकरला माझा विरोध नाही. रोजच्या धावपळीत तीन तास कोणाकडे असतात? परंतु त्यात पाणी आटत नसल्यामुळे रस्सा पातळ आणि चव थोडी बोथट राहते. झाकण काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे उघड्यावर उकळवून ही उणीव बरीचशी भरून काढता येते.

वयाचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. कोकरू म्हणजे ढोबळमानाने एक वर्षाच्या आतले मेंढीचे पिलू. ऑस्ट्रेलियात २०१९ पासून ही व्याख्या वयाबरोबरच कायमचे पुढचे दात झिजण्याइतके वर आले आहेत की नाहीत यावरही ठरते. वय वाढते तसे कोलॅजेनचे धागे एकमेकांशी अधिक पक्के जोडले जातात आणि उष्णतेला दाद देईनासे होतात, म्हणून प्रौढ मेंढीच्या खांद्याला कोकराच्या खांद्यापेक्षा तासभर, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. ओळखण्याची साधी खूण रंगाची आहे. कोवळ्या मांसाचा रंग फिकट लालसर गुलाबी आणि चरबी पांढरी, मऊसर असते. वयस्क जनावराचे मांस गडद लाल, चरबी अधिक कडक आणि किंचित पिवळसर असते. प्रौढ मेंढीचे मांस कमी प्रतीचे आहे असे मात्र समजू नये. दीर्घकाळ शिजणाऱ्या रश्श्यात त्याची चव कोकरापेक्षा खोल उतरते, फक्त पाककृतीने त्याला त्याचा वेळ द्यायला हवा.

आता त्या वासाविषयी, ज्याच्या धास्तीने पुष्कळ जण हे मांस घरी आणत नाहीत आणि ज्याला झाकण्यासाठी आपल्या पानावरील पाककृतींत मसाल्यांची एवढी गर्दी झाली असावी. मेंढीच्या मांसाचा खास वास मुख्यतः तिच्या चरबीतल्या काही शाखायुक्त मेदाम्लांमुळे येतो, आणि वयाबरोबर त्यांचे प्रमाण वाढते. म्हणजे वास कमी करायचा असेल तर बाहेरची जाड चरबी आणि तिच्यावरचे पातळ कोरडे पापुद्रे सुरीने काढून टाकणे हा पहिला उपाय आहे. सगळी चरबी काढू नये, कारण मसाल्यांतले सुगंधी घटक मेदातच विरघळतात आणि चवही मेदाबरोबरच जिभेवर पसरते. या चरबीचा आणखी एक स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. तीत संपृक्त मेद बराच असल्याने ती पातळ होण्यासाठी पुष्कळ उष्णता लागते आणि ताटात पदार्थ कोमट झाला की लगेच थिजून टाळूला चिकटते. हे पदार्थ वाफाळते वाढावेत आणि ताटल्याही आधी गरम कराव्यात, ही सूचना म्हणून हौसेची नाही, गरजेची आहे.

परतण्याबद्दल एक जुना गैरसमज आपल्या पानावरही आला आहे. 'मोठ्या आचेवर परतून मांसाची रंध्रे बंद करावीत, म्हणजे रस आतच राहतो' असे तिथे म्हटले आहे. ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लोकप्रिय केली आणि ती चुकीची असल्याचे पुढे अनेकदा दाखवले गेले, तरीही ती पाककृतींतून जायला तयार नाही. मांसाला रंध्रे नसतात आणि खरपूस झालेला पृष्ठभाग पाणी अडवत नाही. परतून झाल्यानंतरही तवा चुरचुरत राहतो, तो आवाजच बाहेर पडणाऱ्या पाण्याचा असतो. तरीही परतणे आवश्यक आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. साधारण १४० अंशांच्या वर प्रथिनांतील अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात जी अभिक्रिया होते, जिचे वर्णन लुई-कामिय माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले, तिच्यातून तो तपकिरी रंग आणि भाजल्याचा दरवळ निर्माण होतो. पृष्ठभाग ओला असेल तर तापमान १०० अंशांच्या वर चढतच नाही. म्हणून तुकडे आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्यावेत, थोडे थोडे करून परतावेत, आणि भांड्यात दाटी करू नये. दाटी झाली की तुकड्यांना पाणी सुटते, ते त्याच पाण्यात शिजतात, राखाडी पडतात. भांड्याच्या तळाला जो तपकिरी थर धरतो त्यावर थोडे पाणी किंवा रस घालून तो खरवडून रश्श्यात मिसळावा. चव तिथे साठलेली असते. तो थर काळा पडला असेल तर मात्र टाकून द्यावा, कारण तो कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही.

मिठाबद्दल आणि मुरवणाबद्दल थोडक्यात. मीठ हळूहळू आतपर्यंत उतरते, म्हणून अख्खी मांडी किंवा अख्खा खांदा आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवल्याचा खरोखर फायदा होतो. मसाल्यांचे आणि आम्लाचे तसे नाही, ते पृष्ठभागापासून काही मिलिमीटरच जातात. लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये चोवीस तास ठेवण्याचा सल्ला त्यामुळे निरर्थक ठरतो. आतले मांस होते तसेच राहते आणि बाहेरचे पिठूळ होते. रश्श्यात मात्र मीठ सुरुवातीला हात राखूनच घालावे, कारण पाणी आटत जाते पण मीठ आटत नाही.

मसाल्यांची गर्दी केल्यावाचून भरपेट पदार्थ होत नाही असा एक समज या पानावरून दृढ होतो, आणि त्याला उत्तर म्हणून या मांसाचे जगभर नावाजलेले पदार्थ पाहावेत. नॉर्वेचा राष्ट्रीय पदार्थ मानला जाणारा फोरिकोल म्हणजे हाडासह मेंढीचे किंवा कोकराचे मांस, कोबीच्या मोठ्या फोडी, अख्खी काळी मिरी, मीठ आणि पाणी. हे थरांनी रचून दोन-अडीच तास मंद शिजवायचे, की झाले. आयर्लंडच्या प्रसिद्ध रश्श्याचा पाया मांस, बटाटे आणि कांदा एवढाच आहे. इंग्लंडमधील लँकशरच्या हॉटपॉटमध्ये मांस आणि कांद्यावर बटाट्याच्या चकत्यांचे झाकण असते आणि सगळे ओव्हनमध्ये सावकाश भाजले जाते. मोरोक्कोमध्ये ज्या शंकूच्या झाकणाच्या मातीच्या भांड्यावरून ताजीन हे नाव पडले, त्यात सुके आलुबुखार किंवा जर्दाळू घालून मसालेदार, गोडसर चव आणतात. तिथे मसाला आहे, पण त्याच्याखाली पुन्हा तोच खांदा, तीच नळी आणि तीच मंद आच आहे. इतक्या दूरदूरच्या स्वयंपाकघरांनी स्वतंत्रपणे एकच गोष्ट धरून ठेवली, याचा अर्थ पदार्थाचे यश भागाची निवड आणि वेळ यांवर आहे, मसाला हा त्यावरचा आवडीचा भाग आहे. मला स्वतःला कोबीचा साधा प्रकार अधिक रुचतो, हे इथे कबूल करायला हरकत नसावी.

याच पदार्थांवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. भरपेट म्हणजे भरमसाट मांस असे नाही. हाडाविना दोनशे ग्रॅम किंवा हाडासह साडेतीनशे ग्रॅम कच्चे मांस एका माणसाला पुष्कळ होते. शिजताना त्यातले चौथा ते तिसरा हिस्सा वजन कमी होते हे धरूनच हे प्रमाण आहे. बाकीचे पोट बटाटे, गाजर, जव, काबुली चणे, घेवडा यांनी भरावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये लाल मांसाची गणना 'बहुधा कर्करोगकारक' गटात केली आणि जागतिक कर्करोग संशोधन निधी आठवड्याला शिजवलेले लाल मांस साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या आत ठेवण्यास सांगतो, त्याच्याशीही हे प्रमाण जुळते. लोह, जस्त आणि ब-१२ जीवनसत्त्व यांसाठी हे मांस मोलाचे आहे, त्यामुळे ते वर्ज्य करावे असे म्हणण्याचा हेतू नाही. या जोडीच्या घटकांचा क्रम मात्र पाककृतीने सांगितला पाहिजे. टोमॅटोसारख्या आंबट रश्श्यात कच्चे बटाटे आणि कडधान्ये लवकर शिजत नाहीत, कडधान्ये तर तासन्‌तास टणक राहतात. म्हणून चणे किंवा घेवडा भिजवून, वेगळे शिजवून मग मिसळावेत आणि आंबट पदार्थ मागाहून घालावा. गाजर, बटाटे सुरुवातीलाच टाकले तर मांस होईपर्यंत त्यांचा लगदा होतो. शेवटच्या चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत ते घालावेत, असे सांगायला काय हरकत आहे?

सर्वांत गंभीर मुद्दा शेवटी मांडत आहे, कारण तो चवीचा नाही. रश्श्याच्या एका पाककृतीखाली 'रस्सा रात्रभर झाकून तसाच ओट्यावर ठेवावा, दुसऱ्या दिवशी अधिक मुरतो' अशी टीप आपण छापली आहे. रस्सा दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो हे खरे आहे. चवी एकजीव होतात, आणि थंड झाल्यावर वर थिजलेली चरबी चमच्याने सहज उचलता येते. पण हे सगळे फ्रिजमध्ये व्हायला हवे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळण्यातूनही जिवंत राहतात, आणि मोठ्या पातेल्यातला मांसाचा रस्सा हळूहळू निवत असताना, विशेषतः ४० ते ५० अंशांच्या दरम्यान, ते रुजून झपाट्याने वाढतात. झाकलेल्या भांड्यात, हवा कमी असलेल्या दाट रश्श्यात त्यांना हवे ते सगळे मिळते. असे अन्न खाल्ल्यावर सहा ते चोवीस तासांत पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस एक-दोन दिवसांत बरा होतो, लहान मुले आणि वृद्ध यांना मात्र ते जड जाऊ शकते. मोठ्या समारंभासाठी आदल्या दिवशी शिजवून ठेवलेल्या मांसाच्या पदार्थांतून होणाऱ्या विषबाधांमागे हा जिवाणू वारंवार आढळतो.

उपाय अवघड नाही. शिजलेला रस्सा पसरट, उथळ भांड्यांत काढून, हवे तर ती भांडी थंड पाण्यात ठेवून, लवकर निववावा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ४ अंश किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवावा. बाहेरची हवा ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एक तासाची समजावी. तीन-चार दिवसांत संपवावा आणि प्रत्येक वेळी लागेल तेवढाच काढून उकळी येईपर्यंत, किमान ७४ अंशांपर्यंत, तापवावा. गोठवलेले मांसही ओट्यावर न ठेवता आदल्या दिवशी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावे. भाजलेल्या चापा आणि मांड्यांसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याने ६३ अंश तापमान आणि त्यानंतर तीन मिनिटांचा विसावा सांगितला आहे, खिम्यासाठी ७१ अंश. फरकाचे कारण साधे आहे. अख्ख्या तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, खिमा करताना ते आत सगळीकडे मिसळतात, म्हणून खिम्याचे गोळे आतून गुलाबी ठेवू नयेत. गर्भवती स्त्रियांनी तर कोणतेही मांस कच्चट खाऊ नये, कारण अर्धकच्च्या मांसातून, त्यातही मेंढीच्या, टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पोटात जाऊन गर्भाला धोका पोचू शकतो. मांसात खुपसायचा एक साधा तापमापक घरात असला तर यातले बरेचसे प्रश्न अंदाजावर सोडावे लागत नाहीत.

जागेची अडचण मी समजू शकते. पुरवणीच्या पानावर छायाचित्राला अर्धी जागा लागते आणि उरलेल्या जागेत पाच पाककृती बसवायच्या असतात. तरी माझी विनंती आहे की पाचऐवजी तीनच द्याव्यात आणि प्रत्येकीच्या आरंभी मांसाचा भाग, हाडासह की हाडाविना, तुकड्यांचा आकार, कोकरू की प्रौढ मेंढी, आच आणि मिनिटांतला वेळ एवढा तपशील न चुकता द्यावा. मजकूर छापण्यापूर्वी ती कृती निदान एकदा कोणीतरी, लिहिणाऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्याच माणसाने, दिलेल्या शब्दांवर विसंबून करून पाहिली तर अधिकच बरे. हे सगळे आपल्या सोयीने व्हावे, त्याला घाई नाही. ओट्यावर रात्रभर रस्सा ठेवण्याची ती टीप मात्र पुढच्याच अंकात, शक्यतो त्याच पानावर आणि ठळक चौकटीत, मागे घ्यावी, कारण ज्यांनी ते पान कापून स्वयंपाकघरात लावले असेल त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचण्याचा दुसरा मार्ग नाही.

आपली नम्र,
एक नियमित वाचक